व्याख्या पाठ आहेत, तरी गुण का मिळत नाहीत? राजकीय सिद्धांताच्या पहिल्या पेपरबद्दल

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या, मराठी माध्यमातून राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : राज्यघटनेचा पेपर मला जमतो, पण राजकीय सिद्धांत डोक्यावरून जातो. ‘स्वातंत्र्य’ या घटकावर सहा-सात व्याख्या विचारवंतांच्या नावांसकट पाठ केल्या, पेपरात सगळ्या लिहिल्या, तरी अंतर्गत परीक्षेत ३० पैकी ११ गुण पडले. सरांनी समासात फक्त ‘युक्तिवाद कुठे आहे?’ असं लिहिलं. युक्तिवाद म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं? मूळ ग्रंथ वाचावेत का? पुढे स्पर्धा परीक्षाही द्यायची आहे.

हा विषय मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना शिकवते आहे आणि दर वर्षी पहिल्या सहामाहीत नेमकी हीच तक्रार ऐकते. बहुतेक वेळा ती मेहनती मुलांची असते. तुमच्या मेहनतीत खोट नाही. घोळ असा आहे की राज्यघटनेसाठी जी पद्धत चालते तीच तुम्ही इथे वापरताय. कलम २१ काय सांगतं हे एकदा नीट माहीत झालं की निदान पहिल्या पायरीचं काम होतं. राजकीय सिद्धांतात व्याख्या ही पहिली पायरी नसते, ती शेवटची असते. कोणीतरी आपल्या काळातल्या एका अडचणीशी झगडला, विरोधकांशी भांडला, आणि त्या भांडणाच्या शेवटी म्हणाला, ‘म्हणून मी स्वातंत्र्य याला म्हणतो.’ तुम्ही पाठ केलंत ते फक्त हे शेवटचं वाक्य. त्याच्या आधीचं ‘म्हणून’ कुठून आलं, हे तुमचे सर विचारताहेत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी सांगते ते सगळं सगळ्यांना सारखं लागू पडणार नाही. तुमच्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत बहुपर्यायी प्रश्न आणि ‘टीपा लिहा’ यांचा भरणा असेल, तर व्याख्या पाठ असण्याला तिथे भाव आहे आणि तो मी कमी लेखत नाही. म्हणून आधी गेल्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि प्रश्नांच्या शेवटचे शब्द बघा. ‘स्पष्ट करा’, ‘चर्चा करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’ असं जिथे असेल तिथे व्याख्यांची रांग लावून भागत नाही. दुसरं म्हणजे तुमच्याकडे वेळ किती आहे. सकाळचं कॉलेज करून दिवसभर काम करणारी मुलं माझ्या वर्गात नेहमीच असतात. त्यांना मी वाचन कमी सांगते, लिहिणं मात्र कमी सांगत नाही.

आता तुमच्याच घटकाकडे येऊ. तुमच्या सहा-सात व्याख्यांत हॅरॉल्ड लास्की नक्की असणार, कारण तो प्रत्येक गाइडमध्ये असतो. १९२५च्या ‘अ ग्रामर ऑफ पॉलिटिक्स’मध्ये लास्की म्हणतो की माणसाला स्वतःतलं उत्तम ते घडवण्याची संधी देणारं वातावरण नेटाने टिकवणं म्हणजे स्वातंत्र्य. पाचच वर्षांनी, १९३०च्या ‘लिबर्टी इन द मॉडर्न स्टेट’मध्ये तोच लास्की व्याख्येची सुरुवात ‘बंधनांचा अभाव’ या शब्दांनी करतो, आणि पुढे म्हणतो की व्यक्तीच्या सुखाची हमी देणाऱ्या सामाजिक परिस्थितीवर बंधन नसणं म्हणजे स्वातंत्र्य. गाइडात या दोन्ही व्याख्या एकाखाली एक छापलेल्या असतात आणि मुलं त्या तशाच उतरवतात. पण एकाच माणसाने जोर ‘संधी’वरून ‘बंधना’वर का नेला? दोन्हींत काय सारखं राहिलं आणि काय हललं? एवढा एक प्रश्न घेऊन अर्धं पान लिहिलंत, तरी ते उरलेल्या पाच व्याख्यांपेक्षा जास्त मोलाचं आहे.

युक्तिवाद म्हणजे काय, हे सांगण्यापेक्षा करून दाखवते. स्वातंत्र्याचा घटक मी वर्गात महाडपासून सुरू करते.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर मनाई उरली नाही. तरीही तळ्यावर जाऊन पाणी घेण्याची सोय नव्हती, कारण गावातले सवर्ण ते होऊ देत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

हे सांगून मी विचारते : १९२४ ते १९२७ या काळात महाडच्या अस्पृश्यांना त्या तळ्याचं पाणी पिण्याचं स्वातंत्र्य होतं का?

वर्ग दुभंगतो. काही म्हणतात, होतं, कारण सरकारची मनाई नव्हती, फक्त ते वापरता येत नव्हतं. काही म्हणतात, जे वापरता येत नाही त्याला स्वातंत्र्य कसं म्हणायचं? मग ‘नकारात्मक स्वातंत्र्य’ ही संकल्पना काढायची. गाइडात तिचा अर्थ सर्रास ‘राज्याच्या हस्तक्षेपाचा अभाव’ असा दिलेला असतो. आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या ज्या व्याख्यानामुळे नकारात्मक आणि सकारात्मक (स्वतःच्या आयुष्याचा मालक आपणच असणं) हा भेद गाजला, त्यात ते असं म्हणत नाहीत. इतर माणसांनी जाणूनबुजून केलेला हस्तक्षेप म्हणजे सक्ती, असं त्यांचं म्हणणं आहे. हस्तक्षेप करणारा सरकारच असला पाहिजे अशी अट त्यात नाही. शेजारी, जात, गाव, मालक, सगळे त्यात येतात. म्हणजे बर्लिनच्याच मोजपट्टीने महाडचे अस्पृश्य परतंत्र होते आणि हे सांगायला सकारात्मक स्वातंत्र्याकडे धाव घ्यायची गरजही नाही.

आता हेच उत्तरपत्रिकेत कसं उतरेल ते बघा :

‘नकारात्मक स्वातंत्र्य म्हणजे केवळ राज्याच्या हस्तक्षेपाचा अभाव, असं मानलं तर १९२४ नंतर महाडच्या अस्पृश्यांना चवदार तळ्यावर स्वातंत्र्य होतं असं म्हणावं लागेल. पण त्यांना तिथे जाण्यापासून माणसंच बळाच्या धाकाने अडवत होती. अडवणारा अधिकारी आहे की शेजारी, याने अडवलेल्या माणसाच्या स्थितीत फरक पडत नाही. म्हणून हस्तक्षेपाच्या व्याख्येत समाजाकडून होणारी सक्तीही धरावी लागते. यावर कोणी म्हणेल की असं केलं तर शेजाऱ्यांची साधी नापसंतीसुद्धा स्वातंत्र्यावरचं बंधन ठरेल. परंतु नापसंती व्यक्त करणं आणि धाक घालून रस्ता अडवणं यांत फरक करता येतो. महाडमध्ये घडलं ते दुसऱ्या प्रकारचं होतं.’

यात नवी माहिती फारशी नाही. एक व्याख्या घेतली, ती मान्य केली तर कुठे पोचतो ते दाखवलं, तो निष्कर्ष का पटत नाही याचं कारण दिलं, व्याख्या दुरुस्त केली, दुरुस्तीवर येणारा आक्षेप स्वतःच मांडला आणि त्याला उत्तर दिलं. सरांना समासात जे हवं होतं ते हे. पाचव्या-सहाव्या वाक्यातला आक्षेप मुलं हमखास गाळतात, कारण आपल्याच म्हणण्याविरुद्ध लिहिलं तर गुण जातील असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात परीक्षक तिथेच थांबून वाचतो.

तुम्हाला घटना जमते म्हणालात, तर तो तुमचा मोठा आधार आहे, तो इथे वापरा. कलम १५(२) काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असं ते सांगतं. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं. मूलभूत हक्क बहुतेक राज्याच्या विरोधात मागायचे असतात, पण ही दोन कलमं खासगी माणसाच्या वागण्यालाही लगाम घालतात. तलाव आणि विहिरी इतक्या नावानिशी घटनेत का आल्या, हे महाड माहीत असणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घटनेच्या पेपरात पाठ केलेलं कलम आणि सिद्धांताच्या पेपरातली संकल्पना इथे एकमेकांना भिडतात. स्वातंत्र्य देण्यासाठी राज्याने मागे सरायचं की पुढे यायचं, हा या घटकातला खरा वाद आहे, आणि तो तुमच्या ओळखीच्या मजकुरात पडलेला आहे.

विचारवंतांचंही असंच. हॉब्ज, लॉक, रूसो यांचा तीन रकान्यांचा तक्ता तुमच्या वहीत असणार : मानवी स्वभाव, निसर्गावस्था (राज्यसत्ता नसतानाची स्थिती), करार, सार्वभौमत्व. परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला तो चालेल. अभ्यासाची सुरुवात त्याने करू नका, कारण तक्त्यात निष्कर्ष उरतात आणि कारणं गळून पडतात. हॉब्जच्या रकान्यात ‘माणूस स्वार्थी व दुष्ट’ असं लिहिलेलं असतं. ‘लेव्हायथन’चं (१६५१) तेरावं प्रकरण उघडून बघा, काही पानांचंच आहे. हॉब्ज तिथे सुरुवात करतो ती समतेपासून : सगळ्यात दुबळा माणूससुद्धा कट करून किंवा इतरांशी हातमिळवणी करून सगळ्यात बलवानाला मारू शकतो, म्हणून कोणीच निर्धास्त नाही. भांडणाची तीन कारणं तो देतो : स्पर्धा, अविश्वास आणि कीर्ती. यातलं दुसरं महत्त्वाचं आहे. समजा मी थोडक्यात समाधानी आहे, मला कोणाचं काही नको. पण समोरचा तसाच आहे याची हमी मला देणारं कोणी नाही. मग शहाणपण यातच की त्याने वार करण्याआधी मी करावा. म्हणजे निसर्गावस्थेतली लढाई पेटायला माणसं दुष्ट असण्याची गरजच नाही, हमी देणारी सत्ता नसणं पुरेसं आहे. हॉब्ज वाचकालाच विचारतो की तू झोपताना दार लावतोस, घरात असून पेटीला कुलूप घालतोस, तेव्हा शेजाऱ्यांबद्दल आणि घरच्यांबद्दल तुझं मत काय असतं?

हे समजलं की पुढचं आपोआप लागतं. रोग हमीचा अभाव हा असेल तर औषध म्हणजे हमी देऊ शकेल एवढी प्रबळ सत्ता. हॉब्जने हा ग्रंथ इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात पॅरिसला राहून लिहिला, १६४९ मध्ये तिकडे राजाचा शिरच्छेद झाला होता, हेही मग नुसतं चरित्र राहत नाही. लॉकला तुम्ही इथूनच प्रश्न विचारू शकता : शेजाऱ्याच्या भीतीने मी ज्याच्या हातात सगळं दिलं, त्याच्यापासून माझं रक्षण कोण करणार? तक्त्यातल्या दोन रकान्यांचं असं एकमेकांशी बोलणं सुरू झालं की पाठ करायचं ओझं निम्मं होतं.

मूळ ग्रंथ वाचावेत का, या प्रश्नाला माझं उत्तर : हो, पण अख्खे नकोत. पहिल्या वर्षाला हॉब्जचं तेरावं प्रकरण, लॉकच्या दुसऱ्या ‘ट्रीटाइज’मधलं निसर्गावस्थेवरचं दुसरं प्रकरण आणि मिलच्या ‘ऑन लिबर्टी’चं (१८५९) पहिलं प्रकरण एवढं पुरे. इंग्रजी जड जात असेल तर लाजू नका. सतराव्या शतकातलं इंग्रजी इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही जड जातं. आधी मराठी विश्वकोशातली त्या विचारवंतावरची नोंद वाचा, ती इंटरनेटवर मोफत आहे, आणि मग रोज एक-दोन पानं मूळ मजकूर. परिच्छेद वाचून पुस्तक मिटायचं आणि वहीत मराठीत तीन ओळी लिहायच्या : लेखक काय म्हणतोय, कारण काय देतोय, कोणाला उत्तर देतोय. तिसरी ओळ सुरुवातीला रिकामी राहील. तशीच सोडा, सरांना विचारा.

आणि कृपा करून सिद्धांत म्हणजे फक्त परदेशी ग्रंथ असं समजू नका. मराठीत राजकीय सिद्धांताचं अस्सल लेखन आहे आणि ते तुम्ही मूळ भाषेत, अनुवादाच्या मध्यस्थीशिवाय वाचू शकता. ही सवलत दिल्लीच्या विद्यार्थ्याला नाही. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याचंच बघा. मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचा प्रस्ताव होता. टिळकांचा विरोध मुख्यतः या मुद्द्यावर होता की परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. राज्याने घराच्या उंबऱ्याच्या आत कुठवर यावं, हा मिलच्या पुस्तकातला प्रश्न पुण्यात ‘केसरी’ आणि ‘सुधारक’च्या पानांवर लढवला गेला. आगरकरांनी मिल वाचलेला होता, आणि ते त्यांच्या निबंधांत जाणवतं. फुल्यांचं ‘गुलामगिरी’ (१८७३) घ्या. सत्ता धर्मग्रंथांच्या आधारे कशी टिकवली जाते याची मांडणी त्यात संवादाच्या रूपात आहे. आणि मूळ इंग्रजीत असलं तरी संविधान सभेतलं डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण प्रत्येक राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण २६ जानेवारी १९५० ला प्रवेश करतोय, असं ते तिथे सांगतात. समतेच्या घटकावर औपचारिक आणि वास्तविक समतेतला फरक समजावणारा याहून चांगला मजकूर मला माहीत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जवळची उदाहरणं वापरताना विचारवंताच्या तोंडी आपलं म्हणणं घालू नका. समतेच्या उत्तरात ‘जॉन रॉल्स आरक्षणाचं समर्थन करतो’ असं वाक्य मला दर वर्षी वाचायला मिळतं. रॉल्सचा १९७१चा ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ आरक्षणाबद्दल नाही. सामाजिक-आर्थिक विषमता सर्वांत वंचित असलेल्यांच्या हिताची ठरत असेल तरच ती समर्थनीय, असं त्यात आहे. त्या तत्त्वावरून आरक्षणाचं समर्थन करता येतं की नाही, हे तुम्ही दाखवायचं. ‘रॉल्सच्या तत्त्वावरून असं म्हणता येईल की’ अशी सुरुवात करा आणि मधली पायरी लिहा. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या तेव्हा रॉल्स जन्मलाही नव्हता. त्या निर्णयामागची कारणं त्याच्यापेक्षा वेगळी असू शकतात आणि ती वेगळी ताडून बघण्यातच मजा आहे.

पेपर लिहिताना एवढं करा. ‘स्वातंत्र्य ही मानवाला मिळालेली अमूल्य देणगी आहे’ अशी सुरुवात सोडून द्या. पहिल्या दोन-तीन वाक्यांत वाद कशावर आहे ते सांगा. व्याख्या दोनच घ्या, पण एकमेकींशी भांडणाऱ्या. स्वातंत्र्याच्या घटकात बर्लिनसमोर टी. एच. ग्रीन उभा करता येईल. १८८१च्या व्याख्यानात त्याने, करार करायला मोकळीक आहे म्हणून मजूर स्वतंत्र होत नाही, करण्याजोगं काही करण्याची ताकद हवी, या अंगाने मजुरांचं रक्षण करणाऱ्या कायद्यांचं समर्थन केलं. एक उदाहरण सविस्तर घ्या. एक आक्षेप आणि त्याचं उत्तर. शेवटी तुमचं मत, कारणासह. सरांचं मत वेगळं असलं तर गुण जातील अशी भीती अनेकांना असते. कारण न देता लिहिलेल्या मताचे गुण जातात, हे खरं. नीट कारण दिलेल्या विरोधी मताला गुण कापणारे परीक्षक नसतातच असं नाही, पण थोडे असतात. आणि हे सगळं परीक्षेच्या आधी लिहून बघा. आठवड्याला एक परिच्छेद, वर दिलाय तेवढा. वर्गमैत्रिणीला किंवा मित्राला वाचायला द्या आणि त्यांना एकच काम सांगा : आक्षेप घ्या.

स्पर्धा परीक्षेचं थोडक्यात. यूपीएससीला राज्यशास्त्र वैकल्पिक विषय घेतलात तर पहिल्या पेपरचा मोठा भाग हाच आहे. समता (तिचा स्वातंत्र्याशी असलेला संबंध धरून), न्याय, हक्क या संकल्पना, आणि प्लेटोपासून हॅना अरेंटपर्यंतचे पाश्चात्त्य विचारवंत तिथे आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे आज कारण देऊन लिहायची जी सवय लावाल ती दोन्हीकडे कामी येईल, वेगळा अभ्यास करावा लागणार नाही. फक्त हे लक्षात ठेवा की यूपीएससीच्या त्या अभ्यासक्रमात आंबेडकर आणि गांधी आहेत, पण फुले आणि आगरकर नावानिशी नाहीत. एकदा त्या तयारीला लागलात की यादीबाहेरचं वाचायला फुरसत मिळत नाही, तेव्हा त्या दोघांना पदवीच्या या तीन वर्षांतच वाचून घ्या. ‘गुलामगिरी’ आणि आगरकरांचे निबंध कॉलेजच्या ग्रंथालयात असतातच. नसतील तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा.